वक्रोक्ती आणि राजद्रोह : मराठी वृत्तपत्रांतील उपरोधाचे वाचन (१८९७–१९१०)

लिहिलेल्या शब्दांचा सरळ अर्थ एक आणि लिहिणाऱ्याचा अभिप्राय नेमका त्याच्या उलट, असे जेव्हा असते तेव्हा वाचकाने तो अभिप्राय कशाच्या आधारे ओळखायचा, हा प्रश्न साहित्यशास्त्रात फार जुना आहे. समोरासमोरच्या बोलण्यात तो सहसा अडत नाही. आवाजाचा चढउतार, मुद्रा, बोलताना मध्येच घेतलेला थांबा यांवरून ऐकणारा काय ते समजून घेतो. कागदावर यांपैकी काहीच उमटत नाही. एरवी हा प्रश्न रसिकांच्या चर्चेपुरताच राहिला असता; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोचला आणि त्याच्या उत्तरावर माणसांच्या कारावासाची मुदत ठरू लागली. १८९७ ते १९१० या काळात मराठी वृत्तपत्रांतील उपरोध वाचकांनी कसा ओळखला, भाषांतराच्या वाटेवर त्याचे काय झाले आणि कायद्याने त्याला अखेर कोणत्या शब्दांत बांधले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

१. काकू : शब्दाचा गुण की उच्चाराचा?

आवाजाच्या विशिष्ट वळणामुळे वाक्याचा अर्थ पालटतो, या घटनेला संस्कृत शास्त्रकारांनी ‘काकू’ असे नाव दिले. भरताच्या नाट्यशास्त्रात काकूचा विचार नटाच्या दृष्टीने आला असून तिचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद तेथे सांगितले आहेत. नवव्या शतकात रुद्रटाने ‘काव्यालंकार’ या ग्रंथात वक्रोक्ती हा शब्दालंकार मानला आणि त्याचे श्लेषवक्रोक्ती व काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार केले. राजशेखराला हे मान्य झाले नाही. काकू हा पठणाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल, असा आक्षेप त्याने ‘काव्यमीमांसे’त घेतला.

हा वाद वरवर परिभाषेचा वाटला तरी त्याचा गाभा वेगळा आहे. स्वर हा मजकुरातच असतो की मजकूर वाचणाऱ्याच्या कंठात, हे त्यातून ठरवावयाचे आहे. राजशेखराचे म्हणणे स्वीकारले तर नुसत्या लिखित पानावर उपरोध नसतोच. तो वाचणारा निर्माण करतो. रुद्रटाचे स्वीकारले तर उपरोध शब्दरचनेतच असून वाचणारा तो फक्त प्रकट करतो.

अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या पेचातून बाहेर पडण्याची वाट दाखवली. शब्दार्थापलीकडचा अर्थ कशाकशाच्या वैशिष्ट्यामुळे प्रतीत होतो याची त्याने यादीच दिली : बोलणारा, ज्याला उद्देशून बोलणे आहे तो, काकू, वाक्य, वाच्यार्थ, जवळ असलेली तिसरी व्यक्ती, प्रसंग, स्थळ, काळ इत्यादी. या यादीत काकू ही अनेक घटकांपैकी एक आहे. म्हणजे स्वर ऐकू आला नाही तरी बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, हे ठाऊक असेल तर अभिप्राय कळू शकतो. यातले एक कलम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. बोलणे एकाला उद्देशून आणि ऐकणारा तिसराच कोणी, ही स्थिती मम्मटाने स्वतंत्रपणे नोंदवली. वासाहतिक राजवटीतील मराठी पत्रकाराची नित्याची स्थिती हीच होती. तो लिहीत असे पुण्याच्या वाचकासाठी, आणि बाजूला बसून ते वाचत असे सरकार.

२. मराठी गद्याजवळची साधने

मोडी लेखनात विरामचिन्हे नव्हती. शब्दही बहुधा सलग लिहिले जात. पत्राचा सूर त्याच्या मायन्यावरून, आशीर्वाद, विज्ञापना, आज्ञा अशा ठरीव शब्दांवरून कळे. छापील बालबोध गद्य रुळू लागल्यावर विरामचिन्हे आली. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० सालची. उद्गारचिन्ह व अवतरणचिन्ह मिळाल्यामुळे मराठी लेखकाला स्वर दर्शविण्याचे एक उपकरण लाभले खरे. परंतु ते अपुरे होते. उद्गारचिन्ह भक्तीचे की चेष्टेचे, हे चिन्ह स्वतः सांगत नाही.

मराठीची खरी साधने तिच्या वाक्यरचनेत पूर्वीपासूनच होती. ‘म्हणे’ हा शब्द वाक्याच्या शेवटी येताच सांगणारा त्या विधानापासून दूर सरकतो. ‘च’, ‘मात्र’, ‘तेवढे’, ‘बरे’, ‘हो’ या लहान शब्दांनी वाक्याचा तोल बदलतो. आदरार्थी बहुवचन तर दुधारी आहे. जेथे आदराची अपेक्षा नाही तेथे तो दाखविला, किंवा जितका हवा त्याहून अधिक दाखविला, की त्याचा उपहास होतो.

स्पष्टीकरणासाठी एक वाक्य कल्पून पाहावे : ‘साहेब मोठे दयाळू म्हणे! दुष्काळात रयतेच्या घरी दाणा नव्हता, पण सारा तेवढा त्यांनी वेळेवर नेला. एवढी आमची काळजी त्यांना.’ मराठी वाचकाला यात संदेह पडत नाही. हेच वाक्य परभाषेत नेताना ‘म्हणे’ची जागा ‘असे सांगतात’ या अर्थाच्या निर्विकार शब्दांनी घेतली, ‘तेवढा’ गळाला आणि बहुवचन नाहीसे झाले, तर उरते ते असे : साहेब दयाळू असल्याचे सांगतात, दुष्काळातही सारा वेळेवर वसूल झाला, त्यांना आमची काळजी आहे. शब्द जवळपास सर्व पोचले. अभिप्राय मात्र वाटेतच राहिला.

३. पूर्वपरंपरा

ही शैली एकाएकी अवतरलेली नाही. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये आली, त्यांतील फटकारे बहुतांशी उघड आहेत. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) अवतारकथांची उलटतपासणी संवादाच्या रूपाने येते आणि संवादातील साळसूद प्रश्नच उपहासाचे काम करतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’ने उपरोधाला पांडित्याची जोड दिली, त्याचा रोख कधी परकीयांवर, तर कधी फुल्यांसारख्या स्वकीयांवर असे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या संदर्भात विसरून चालणार नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर स्त्रीजातीवर जे दोषारोप छापून येत होते, त्यांना दिलेले हे उत्तर होय. पुरुषांनी स्त्रियांवर लादलेले एकेक विशेषण उचलून ते पुरुषांनाच लावून दाखवावयाचे, ही त्या पुस्तकाची पद्धत आहे. पुस्तकावर टीका झाली आणि १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. येथे मम्मटाच्या यादीतील पहिले कलम प्रत्ययास येते. जो स्वर शास्त्रीबोवांच्या लेखणीतून विद्वत्ता ठरे, तोच एका स्त्रीच्या लेखणीतून आला की उद्धटपणा ठरे. बोलणारा कोण, यावर उपरोधाची ओळखच नव्हे, तर त्याची किंमतही ठरते.

४. ‘काळ’ आणि त्याचा वाचक

या परंपरेला राजकीय शस्त्राचे रूप दिले ते शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) यांनी. महाड येथे जन्मलेले परांजपे संस्कृतचे पंडित. पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात ते संस्कृतचे अध्यापक होते. मार्च १८९८ मध्ये त्यांनी ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात प्लेगचा कहर, रँड यांची हत्या आणि टिळकांची शिक्षा या घटना घडून गेल्या होत्या. सरळ बोलण्याचे मोल किती पडते ते पुण्याने नुकतेच पाहिले होते.

‘काळ’च्या वक्रोक्तीचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. पुराणातील एखादी कथा, परदेशाच्या इतिहासातील एखादा प्रसंग, निसर्गातील एखादे दृश्य घ्यावयाचे, त्याचे आलंकारिक वर्णन करावयाचे आणि इंग्रजी राज्याचे नाव न काढता वाचकाला तेथे आणून सोडावयाचे. किंवा राज्यकर्त्यांची स्तुती इतकी वाढवीत न्यावयाची की ती स्वतःच्या भारानेच कोसळावी, ही परांजप्यांची रीत होती. अलंकारशास्त्रात हिला व्याजस्तुती म्हणतात. ज्या शास्त्राचे अध्यापन वर्गात होत असे, त्याचा उपयोग आता साप्ताहिकाच्या स्तंभात होऊ लागला.

परंतु हे यश केवळ लेखकाचे नव्हते. व्याजस्तुती सिद्ध होण्यासाठी स्तुती खोटी आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. दुष्काळ, सारा, प्लेगच्या वेळची घरझडती ही त्याची स्वतःची माहिती असे. लेखाने ती सांगावी लागत नसे. शिवाय वृत्तपत्र एकाने मोठ्याने वाचावे आणि भोवतालच्यांनी ऐकावे, हा प्रघात त्या काळी होताच. कीर्तन आणि पुराण ऐकून तयार झालेल्या कानाला सूचक बोलणे नवे नव्हते. छापताना हरवलेली काकू वाचणाऱ्याच्या कंठातून परत येई. राजशेखर आणि रुद्रट दोघेही एका अर्थी येथे खरे ठरतात : उपरोधाची जुळणी मजकुरात होती, त्याचा उच्चार मात्र वाचकांमध्ये होत होता.

५. तिसरा वाचक

सरकारलाही हे मजकूर वाचणे भाग होते. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने देशी भाषांतील पत्रांना इंग्रजी पत्रांपासून वेगळे काढले. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला, तरी देशी पत्रांवरील नजर हटली नाही. त्यांतील निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर वा सारांश करून दर आठवड्याचा गोपनीय अहवाल तयार होई. मुंबई इलाख्यात हे काम सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीशी निगडित होते. तेथील मराठी भाषक सहायक मूळ मजकूर पुणेकरांइतकाच समजू शकत; त्यांची अडचण आकलनाची नव्हती. आपण जे समजलो ते इंग्रजीत कसे उतरवावे, ही ती अडचण होती. शब्दशः भाषांतर केले तर लेख राजनिष्ठ दिसणार. अभिप्राय उतरवला तर मुळात नसलेले शब्द घालावे लागणार.

ही अडचण खटल्यात निर्णायक ठरे. भारतीय दंडविधानात १८७० मध्ये राजद्रोहाचे कलम १२४-अ घालण्यात आले. त्याखालील पहिला महत्त्वाचा खटला १८९१ मध्ये कलकत्त्यास ‘बंगवासी’ या बंगाली पत्रावर झाला; ज्युरीचे एकमत न झाल्याने व पुढे दिलगिरी व्यक्त झाल्याने तो शेवटास गेला नाही. दुसरा १८९७ चा टिळकांवरील खटला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले पद्य हा त्यातील आक्षिप्त मजकूर. दोन्ही ठिकाणी बोलणे इतिहासाविषयी होते. ते वर्तमानाविषयी आहे काय, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ करून कलमाची व्याप्ती वाढवली. त्याचबरोबर लेख कोणत्या वाचकांपुढे, कोणत्या वेळी आणि कोणत्या परिस्थितीत गेला हे पाहण्यासही ज्युरीला सांगितले. ज्युरीत सहा युरोपीय व तीन भारतीय होते. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी दोषारोप सिद्ध मानला गेला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये कलमात दुरुस्ती होऊन द्वेष आणि तुच्छता यांचाही त्यात समावेश झाला.

येथे एक चमत्कारिक उलटापालट दिसते. वाचक, वेळ, परिस्थिती हे मम्मटाचेच निकष आहेत. त्यांचा आधार आता न्यायासनावरून घेतला जात होता. सरकारी वकील ध्वनिवादी झाला होता : शब्दांत जे नाही ते सूचित झाले आहे, असे त्याला सिद्ध करावयाचे होते. आरोपीला मात्र अभिधेचा, म्हणजे सरळ शब्दार्थाचा आश्रय घ्यावा लागे. उपरोधकाराची कोंडी ती हीच. आपल्या वाक्याचा सरळ अर्थच खरा असे म्हटले, तर आपलीच लेखणी खोटी पडते. अभिप्राय मान्य केला, तर शिक्षा अटळ. वाचकांसमोर जे त्याचे सामर्थ्य, तेच साक्षीच्या पिंजऱ्यात त्याचे दौर्बल्य ठरे.

६. १९०८

जून १९०८ मध्ये ‘काळ’वर राजद्रोहाचा खटला झाला आणि परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या बचावाच्या व्यवस्थेसाठी टिळक मुंबईस आले असतानाच २४ जूनला त्यांनाही अटक झाली. ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) हे लेख त्यास कारण झाले. मराठी लेखांचा न्याय मराठी न जाणणाऱ्यांच्या विशेष ज्युरीकडे जाऊ नये, असा आक्षेप बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी घेतला. तो मान्य झाला नाही. नऊपैकी सात ज्युरर युरोपीय आणि दोन पारशी होते.

टिळकांची शैली परांजप्यांहून निराळी. ते युक्तिवाद करीत, वक्रोक्तीवर विसंबत नसत. तरीही त्यांच्या खटल्याचा मोठा भाग भाषेवरच खर्च झाला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः घेतली आणि अनेक शब्दांच्या इंग्रजी प्रतिशब्दांना हरकत घेतली. इंग्रजी राजकीय कल्पनांसाठी मराठीत शब्द नुकतेच घडत होते. ते शब्द कोशाच्या साहाय्याने पुन्हा इंग्रजीत नेले की मूळ कल्पनेच्या जागी अधिक भडक काहीतरी उभे राहते, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आपले लेख इंग्रज धार्जिण्या पत्रांना दिलेली उत्तरे आहेत हे दाखविण्यासाठी त्यांनी कितीतरी वृत्तपत्रांतील उतारे पुराव्यात दाखल केले. मम्मटाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ते ‘प्रस्ताव’, म्हणजे प्रसंग, न्यायालयापुढे ठेवीत होते. स्वर ऐकवता येत नसेल तर निदान संवाद पूर्ण ऐका, असे ते मागणे होते. न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर एकवीस तासांहून अधिक काळ त्यांनी आपली बाजू मांडली. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

७. अलंकारांवरील कायदा

परांजपे १९०९ च्या उत्तरार्धात सुटले. १९१० मध्ये इंडियन प्रेस ॲक्ट आला. त्याच्या चौथ्या कलमाची शब्दयोजना साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. आक्षेपार्ह परिणाम प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष होवो, अनुमानाने होवो, सूचनेने, उल्लेखाने, रूपकाने, गर्भितार्थाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे होवो, तो मजकूर कायद्याच्या कक्षेत येईल, अशा आशयाची ही तरतूद होती. पूर्वीच्या कलमाने भावनेची व्याख्या केली होती; या कायद्याने अर्थाचे मार्ग मोजले. शिवाय आता खटला भरण्याची गरज उरली नाही. जामीन मागणे आणि तो जप्त करणे ही बहुतांशी प्रशासनाची कृती झाली. मूळ मराठी वाक्यावर खुल्या न्यायालयात वाद होण्याची जी संधी १९०८ पर्यंत होती, तीही आक्रसली. जामिनाच्या मागणीपुढे ‘काळ’ १९१० मध्येच बंद पडला. १९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण ‘काळ’ पुन्हा उभा राहिला नाही.

रूपकाचे नाव घेऊन त्याला बंदी करणारा कायदा हा मराठी वक्रोक्तीच्या परिणामकारकतेचा एक पुरावाच मानावा लागेल. मात्र या पुराव्याचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू नजरेआड करू नये. गर्भित अर्थ शिक्षेस पात्र ठरला की निरागस वाक्यही सुरक्षित राहत नाही. ज्याने उपरोध केलाच नाही, त्यालाही तो केल्याचा आरोप नाकारता येत नाही. कारण सरळ शब्द दाखविणे हा आता बचावच उरत नाही.

८. अभ्यासकापुढील प्रश्न

या इतिहासाचा संबंध आजच्या संशोधनाशीही आहे. त्या काळच्या मराठी पत्रांचे अंक सर्वत्र सुलभ नाहीत. याउलट साप्ताहिक अहवालांतील इंग्रजी उतारे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि इतरत्र व्यवस्थित जतन झालेले असून मराठी न जाणणारा अभ्यासकही ते वापरू शकतो. परिणामी देशभरच्या इतिहासलेखनात मराठी पत्रांचा आवाज पुष्कळदा भाषांतरकाराच्या कचेरीतून येतो. तेथे उपरोधाच्या दोनच गती संभवतात. शब्दशः उतरलेली व्याजस्तुती राजनिष्ठेचा दाखला म्हणून उद्धृत होऊ शकते. आणि जेथे भाषांतरकाराने अभिप्राय उघड करून लिहिला, तेथे सूचक वाक्य उघड चिथावणी म्हणून वाचले जाऊ शकते. पहिल्या चुकीने लेखकाचे धैर्य पुसले जाते, दुसरीने त्याची कला.

यावर उपाय मूळ मजकुराकडे परतण्याचा आहे, परंतु तेवढाही पुरेसा नाही. शंभर वर्षांनंतरच्या मराठी वाचकाजवळ भाषा आहे. पुण्याच्या १८९८ च्या वाचकाजवळ असलेली माहिती नाही. त्या आठवड्यात कोणता हुकूम निघाला होता, कोणत्या पत्राने काय लिहिले होते, दाण्याचा भाव काय होता, हे कळल्याखेरीज स्तुती कोठे संपते आणि व्याज कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. मम्मटाची यादी या कामी आजही उपयोगी पडते. वक्ता, श्रोता, तिसरा ऐकणारा, प्रसंग, स्थळ आणि काळ यांची नोंद प्रत्येक उताऱ्यापाशी केली, तर उतारा उद्धृत करण्यापूर्वी त्याचा स्वर निदान तपासता येईल.

शब्दांमागचा स्वर ओळखणे ही वाचकाची रसिकता आहेच. परंतु वरील घटना पाहता, ज्या लेखकांनी त्या स्वरासाठी तुरुंगवास पत्करला त्यांच्याविषयीचे ते एक कर्तव्यही ठरते. त्यांच्या वाक्यांचा शब्दार्थ घेऊन समाधान मानणे म्हणजे जो बचाव त्यांना न्यायालयात उपयोगी पडला नाही, तोच त्यांच्यावर आज लादणे होय.